डॉक्टर जे म्हणाले नव्हते

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या भावाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच, आणि आता ती राहिली नाही. म्हणून कागदावर लिहितोय. माझं शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. वाकडंतिकडं झालं तर समजून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल.

कुठून सुरू करू? पेरूपासूनच करतो.

आमचं गाव पुणतांब्याच्या अलीकडं, गोदावरीच्या अंगाला. सगळा पेरूचा मुलूख. आमची बाग आणि बागेच्या कडेला रोपवाटिका. आज जिचं नाव काढत लोक लांबून गाड्या घेऊन येतात ती नव्हे, तेव्हा नुसता बाभळीच्या मेढींवर टाकलेला मांडव होता. त्याखाली पेरूची कलमं. आम्ही गुट्या म्हणतो. बोटभर जाडीच्या फांदीची इंचभर साल गोल सोलून काढायची, तिथं भिजवलेलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक, आणि दोन्ही टोकं सुतळीनं आवळायची. गाठ ढिली पडली की पाणी शिरतं, शेवाळ कुजतं. दीड महिन्यानं प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसल्या की फांदी खालून कापायची — झालं नवं झाड.

सांगायला सोपं आहे. पण हाताला गुण लागतो. माझ्या शंभर गुट्यांतल्या चाळीस जगायच्या. तिच्या नव्वद.

ती म्हणजे हौसा. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिला नावानं हाक मारली नाही. आमच्यात मारत नाहीत. ‘अगं’, ‘ऐकलं का’, ‘दत्तूची आई’ — एवढ्यावर भागलं. आता एकटा असलो की नाव घेतो. घेऊन काय उपयोग?

दत्तू आमचा एकुलता एक. तो इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शिकायला नगरला गेला, हॉस्टेलवर राहिला. आता अहिल्यानगर म्हणतात, पण माझ्या जिभेला नगरच येतं. गावातून तो पहिलाच. जाताना हौसानं त्याच्या ट्रंकेला हळदीकुंकू लावलं होतं, नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं. दोन वर्षं झाली. तिसरं लागलं आणि त्यानं कॉलेज सोडलं.

हे सगळ्यांना माहीत आहे. दत्तू स्वतः सांगतो. रोपवाटिका त्यानं वाढवली, पाण्याचे फवारे बसवले, सावलीची जाळी आणली, पंधरा-वीस घरं तिच्यावर जेवतात. पोरं त्याला विचारतात, कॉलेज सोडून काही चांगलं होतं का? तो म्हणतो, माझं झालं. आई आजारी पडली, मी आलो, राहिलो, आणि माझ्या आयुष्यातला तोच सगळ्यात शहाणा निर्णय. लोक माना डोलावतात. मीपण डोलावतो.

आता त्या आषाढाचं सांगतो. नाही — थांबा. आधी त्यानंतरच्या दिवसांचं सांगू द्या. मला तेच आठवत बसायला आवडतं. मूळ गोष्ट कुठं पळून जात नाही.

दत्तू राहिला तो पहिला पावसाळा. सकाळी आम्ही तिघं बागेत. झाडाखाली पोत्यावर हौसा बसायची, पाय लांब करून, आणि दत्तू फांदीशी उभा. ती सांगणार, तो बांधणार. बारदानात भिजत घातलेल्या शेवाळाचा वास येतो ना — तळ्याच्या काठासारखा — तो वास आला की आजही मला वाटतं ती मागं बसलीय. राघूंचा थवा पेरूवर उतरला की मी डबा वाजवत पळायचो, आणि माझ्या पळण्यावर ती मायलेकरं हसायची. दत्तूच्या पहिल्या शंभर गुट्या पार वाया गेल्या. त्यानं गाठ मारली की ती मान वाकडी करून बघायची.

“इंजिनेरसाहेब, ही गाठ हाय का तुमच्या म्हशीचं दावं?”

“तू शिकवलीस तशीच मारली की.”

“मी गाठ शिकवली. हे तू तुज्या कॉलेजातनं आनलं.”

असं चालायचं. डबा तिथंच यायचा. भाकरी, ठेचा, कधी पिठलं. पेरूच्या पानांतून ऊन गळायचं तिच्या लुगड्यावर. संध्याकाळी तिघं एका मागं एक बांधावरून घराकडं. मी कधी कुणापुढं बोललो नाही, पण ती तीन-चार वर्षं माझ्या जन्मातली सगळ्यात गोड. मला हवं ते सगळं एका झाडाखाली होतं.

आणि ते सगळं मी चोरून आणलेलं होतं.

त्या आषाढात हौसाच्या पोटात दुखायला लागलं. गडाबडा लोळली. कोपरगावला दवाखान्यात नेली. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, ऑपरेशन झालं. नऊ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. ते काय म्हणाले, शब्द न् शब्द आठवतो. दीड महिना जड उचलू देऊ नका, नंतर सगळं काम करू द्या, बाई ठणठणीत आहेत. एवढंच.

दत्तू नगरहून आला होता, परीक्षा बुडवून. बाहेर बाकड्यावर बसला होता, डोळे तांबारलेले. त्यानं विचारलं, अण्णा, काय म्हणाले डॉक्टर?

मी म्हणालो, आता तिला वाकायचं नाही, उचलायचं नाही. कायमचं.

बघा, लिहिलं की दोन ओळींतच येतं. मला वाटलं होतं पान भरेल.

दत्तूनं डोळे पुसले. मग त्यानं विचारलं, गुट्यांचं काय? मी म्हणालो, बघू. माणसं मिळाली तर मिळाली. आणि मीपण गप्प बसलो. मी त्याला राहा म्हणालो नाही. कधीच म्हणालो नाही. याचा मला बरीच वर्षं अभिमान होता — असला अभिमान कुणाला असतो का?

दवाखान्यानं एक कागद दिला होता. इंग्रजी. मला त्यातलं काही कळत नव्हतं, हौसाला तर अक्षरओळखच नव्हती, पण दत्तूला कळलं असतं. घरी आल्या आल्या तो मी चुलीत घातला. त्यावर काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही. कदाचित नुसती गोळ्यांची नावं असतील. टाके काढायला कोपरगावला बोलावलं होतं, ते मी गावातल्या डॉक्टरकडून काढून घेतले. त्यानं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही.

तरी दत्तू परत जायला निघाला होता. हे त्यालाही आता नीट आठवत नसेल. पंधरा दिवस राहिला, मग हौसानंच त्याच्यामागं धोशा लावला — तू जा, मी बसून बांधते, काही होत नाही. ट्रंक दारात आली. एस.टी.ला तासभर होता. आणि हौसा आत गेली, शेवाळाचं घमेलं उचलून बाहेर आणू लागली. ओलं शेवाळ, फार तर चार-पाच किलो. त्याला दाखवायला — बघ, मी धडधाकट आहे.

मी मोठ्यानं म्हणालो, “ठेव ते खाली. डॉक्टरनं काय सांगितलंय?”

तिच्याकडं बघून म्हणालो, पण ऐकवलं त्याला.

ती दचकली. दत्तू पुढं झाला, तिच्या हातातलं घमेलं घेतलं, अंगणात ठेवलं. मग ट्रंक उचलून आत नेली. हौसा ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, आणि मी म्हशीला पाणी दाखवायला गेलो. मला आनंद झाला होता. पाणी दाखवताना मी गुणगुणत होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

खोटं एकदा बोलून भागत नाही. त्याला रोज वैरण टाकावी लागते. दीड महिना झाला, हौसाला बरं वाटायला लागलं. ती म्हणायची, मला काही दुखत नाही, मी बांधू का दोन गुट्या? मी म्हणायचो, डॉक्टर नको म्हणाले. नव्वद जगवणारा हात मांडीवर पडून राहिला. विहिरीवर बाया टोमणे मारायच्या, काय हौसाबाई, लई थाट हाय, लेक पानी भरतोय आन् आई पाटलीन होऊन बसलीया. ती हसण्यावारी न्यायची, घरी येऊन जेवायची नाही. कधी कुणी बघत नाही असं बघून हंडा उचलायची. आणि मी बघितलं की ओरडायचो. हंडा उचलला म्हणून मी माझ्या धडधाकट बायकोला ओरडायचो, आणि ती चोरी सापडल्यासारखी खाली बघायची.

चोर कोण होतं?

पाच-सहा वर्षांनी ती हळूहळू सगळं करायला लागली. मीही ओरडायचं सोडलं. दत्तूचा तोवर बागेत जम बसला होता, लग्न झालं होतं. पण तिच्या मनातून ते गेलं नाही. दत्तूची कॉलेजची पुस्तकं आणि नकाशे काढायची ती लाकडी फळी तिनं कापडात बांधून ठेवली होती. दर दसऱ्याला ती काढायची, पुसायची, पाटीपूजनाला मांडायची. दत्तू चेष्टा करायचा — आई, ती पुस्तकं आता वाळवीपण खात नाही. ती म्हणायची, माज्यापायी बंद पडली ती, मी पुजनार. मी शेजारी बसून नारळ फोडायचो. किती दसरे झाले मोजा.

दोन वर्षांमागं नगरच्या एका कॉलेजनं दत्तूला बोलावलं, पोरांपुढं बोलायला. आम्हा दोघांनाही नेलं त्यानं. पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, मला शाल दिली, नारळ दिला. एका मुलीनं उठून विचारलं, सर, कॉलेज सोडताना तुमच्या वडिलांनी तुम्हाला अडवलं नाही का? दत्तू माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, अण्णांनी मला एका शब्दानं राहा म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. निर्णय माझा मला घेऊ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल गुंडाळून मी बसलो होतो.

येताना गाडीत हौसा खिडकीकडं तोंड करून बसली होती. राहुरी मागं पडली तेव्हा ती हळूच म्हणाली, “माजं दुखनं आडवं आलं. न्हाईतर आज तो तिथं पाव्हना म्हनून न्हाई, तिथला सायेब म्हनून बसला असता.” दत्तू गाडी चालवत होता. त्याला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी म्हणालो, डोळा लागू दे जरा.

लोक मला विचारतात, अण्णा, तुमचा अनुभव आहे, कॉलेज सोडणं चांगलं का वाईट? मला काय विचारता? कुणाचं सोडून चांगलं होतं, कुणाचं वाटोळं होतं. गावात दोन्ही तऱ्हेची पोरं आहेत. दत्तूचं चांगलं झालं, हे काही खोटं नाही. पण सोडणाऱ्यानं स्वतःच्या पायानं बाहेर पडावं. दत्तूला वाटतं तो स्वतःच्या पायानं आला. त्याचे पाय मी धरून आणले होते.

मागल्या चैत्रात हौसा गेली. छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यातून घरी आणली होती. दुपारची वेळ, सून स्वयंपाकघरात. दत्तू तिच्या उशाशी, मी पायथ्याशी. तिनं दत्तूचा हात धरला आणि म्हणाली —

“तुजं कॉलेज माज्यामुळं गेलं रं. तेवढं पोटात ठिऊ नगं.”

दत्तू म्हणाला, “आई, मी माझ्या मनानं सोडलं. किती वेळा सांगू?”

तिला ते पटलं नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघतात तसं नाही, साक्षीदाराकडं बघतात तसं. तुम्ही सांगा, तुम्ही तिथं होता. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. डॉक्टर तसं म्हणालेच नव्हते. एवढंच. तिनं मला शिव्या घातल्या असत्या, दत्तूनं तोंड फिरवलं असतं, पण ती हलकी होऊन गेली असती.

मी विचारलं, “पानी आनू का?”

आणि तांब्या घेऊन बाहेर गेलो.

ती त्यानंतर दोन दिवस होती. शुद्धीत होती. दोन दिवस होते माझ्याकडं, आणि मी ते पाणी आणण्यात, औषध देण्यात, आल्यागेल्याला चहा पाजण्यात घालवले. भीती कशाची होती? मरणाऱ्या बाईची? नाही. दत्तूच्या नजरेची. तिच्या जीवाचं ओझं उतरवण्यापेक्षा मला माझी शाल सांभाळायची होती.

दहाव्याला पुणतांब्याच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण एक खाली येईना. अर्धा तास झाला, तास झाला. ऊन चढलं. आमच्याकडं मानतात, गेलेल्याचं काही मनात अडलंय, ते पुरं करायचा शब्द दिला की कावळा शिवतो. माझ्या भावानं हात जोडून शब्द दिला, सुनेनं दिला, नातीचं लग्न थाटात करू म्हणून. काही नाही. मग सगळे माझ्याकडं वळले. भटजी म्हणाले, अण्णा, तुम्ही बोला, पन्नास वर्षांचा सहवास तुमचा.

मी पुढं गेलो. गोदावरीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. मी हात जोडले. अख्खी भावकी मागं उभी. आणि मी म्हणालो, तुझ्या बागेकडं लक्ष देईन.

कावळ्यानं मानही वळवली नाही.

तेव्हा दत्तू पुढं आला. टक्कल केलेला, पन्नाशीला टेकलेला माझा लेक. तो म्हणाला, “आई, राहिलेलं कॉलेज मी पुरं करतो. डिग्री आणून तुझ्या फोटोपुढं ठेवतो.”

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली. बायांनी डोळ्यांना पदर लावले, सगळ्यांनी श्वास सोडला. मी काही देवभोळा नाही, कावळ्याला भूक लागली असेल एवढं मलाही कळतं. पण माझा श्वास सुटला नाही, तो अजून तिथंच अडकलाय.

दत्तूनं शब्द पाळला. घरी बसून शिकायचा फॉर्म भरला. इंजिनिअरिंग नाही, जे मिळालं ते. रोपवाटिकेत माणसं यायच्या आधी सकाळी ओसरीवर चष्मा लावून पुस्तक घेऊन बसतो. मधूनच कपाळ चोळतो. काही डोक्यात शिरत नाही, अण्णा, म्हणतो, वय झालं. नात त्याला प्रश्न विचारते, तो चुकला की खिदळते. त्याला त्या डिग्रीच्या कागदाचा काडीचा उपयोग नाही. आईचं ऋण फेडतोय तो. आणि तसलं कुठलं ऋण नव्हतंच. एकदा मी त्याचं कॉलेज बंद पाडलं, आता मीच त्याला पुन्हा बसवलंय. दोन्ही वेळा तोंड न उघडता. मी समोर खुर्चीवर बसतो, चहा पितो, बघतो.

अजून एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही.

गावात म्हणतात, दत्तू अभ्यासात बेताचाच असेल, नाहीतर असा सोडून आला असता का. दत्तूही आता तसंच म्हणतो. वर्षं गेली की माणूस स्वतःबद्दलही लोकांचं ऐकायला लागतो. मी कधी दुरुस्ती केली नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या हिवाळ्यात मी न सांगता नगरला गेलो होतो, पेरूची पाटी घेऊन. हॉस्टेलवर तो नव्हता. पोरांनी वर्ग दाखवला. दाराच्या फटीतून बघितलं — दत्तू फळ्यापाशी उभा, हातात खडू, कसल्या तरी चाकांचं चित्र काढत होता, आणि बाकीची पोरं बघत होती. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या तोंडावर आधी कधी बघितलं नव्हतं, नंतर बागेतही नाही. हसत होता तो बागेत, खूप हसला. पण ते वेगळं.

बाहेर त्याचे सर भेटले. मी कोण ते सांगितलं. धोतर-टोपीतल्या माणसाशी ते फार अदबीनं बोलले. म्हणाले, मी बरीच वर्षं शिकवतोय, असा मुलगा क्वचित मिळतो, याला मधे थांबवू नका, सगळं शिकू द्या. मी हो म्हणालो. पाटी हॉस्टेलवर ठेवली, दत्तूला न भेटता दुपारची एस.टी. धरली. पेरू कुणी आणले ते पोरांनी सांगितलं असेल. पण सरांचा निरोप मी त्याला दिला नाही. तेव्हाही नाही, आजवर नाही.

अडाणी बाप होता, त्याला शिक्षणाचं काय कळणार, असं कुणी म्हणू नये. त्या दिवशी त्या व्हरांड्यात मला सगळं नीट कळलं होतं — पोरगं तिथलंच झालंय, आता बागेत परत यायचं नाही. कळलं होतं म्हणूनच मी ते केलं.